करमचंद मेहता

डॉ. करमचंद मेहता (मृत्यू: १९५०) हे भारतीय वनस्पतिरोगशास्त्रज्ञ आणि आग्रा महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. गव्हावरील तांबेरा रोग भारतातील मैदानी प्रदेशात दरवर्षी नव्याने कसा येतो, याचा उलगडा त्यांच्या संशोधनामुळे झाला. वाऱ्यावाटे पसरणाऱ्या पीकरोगांच्या पूर्वानुमानाचा भारतातील पाया या संशोधनाने घातला गेला.

पार्श्वभूमी

तांबेरा हा बुरशीजन्य रोग असून त्याचे काळा, तपकिरी व पिवळा असे तीन प्रकार गव्हावर आढळतात. रोगट पानांवर व खोडांवर गंजाच्या रंगाचे फोड उठतात आणि त्यांतून निघालेले सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर जातात. रोग लवकर आल्यास दाणे पोचट राहतात.

यूरोप व अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याची बुरशी दारुहळदीच्या कुळातील झुडपांवर आपल्या जीवनचक्राचा काही भाग पूर्ण करते. गोदावरीकाठच्या पैठणसारख्या भागात ही झुडपे गव्हाच्या सोबतीला नसतात. तेथे रब्बीचा गहू उन्हाळ्यापूर्वी निघतो, मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पुढील पेरणीपर्यंत शेतात गव्हाचे हिरवे पान उरत नाही. तरीही पुढच्या हंगामात तांबेरा पुन्हा दिसतो. तो येतो कोठून, हा प्रश्न होता.

संशोधन

मेहता यांनी केंब्रिज येथे याच विषयाचा अभ्यास केला. तेथील तृणधान्यांवरील तांबेऱ्याच्या वार्षिक पुनरागमनाविषयीचा त्यांचा निबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात परतल्यावर त्यांनी हे काम पुढे चालवले. १९२९ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या अध्यक्षीय भाषणासाठीही त्यांनी हाच विषय निवडला. पुढे शाही कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने शिमला, अल्मोडा व आग्रा येथे संशोधन झाले. १९४० मध्ये परिषदेने त्यांचा प्रबंध प्रकाशित केला. त्याचा दुसरा भाग त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये निघाला.

मैदानातील उन्हाळ्यात बीजाणू तग धरू शकत नाहीत, असे त्यांना आढळले. थंड डोंगराळ भागात मात्र आपोआप उगवलेल्या रोपांवर व बिगरहंगामी पिकावर ते जिवंत राहतात आणि तेथून वाऱ्याने खाली येतात. दक्षिणेत निलगिरी व पळणीचे डोंगर आणि उत्तरेत हिमालय हे रोगाचे उगमस्थान ठरले. भारतात दारुहळदीचा या पुनरागमनाशी संबंध नाही, हेही त्यांनी दाखवले.

या निष्कर्षानुसार उगमस्थानी बिगरहंगामी गहू व बार्लीची लागवड थांबवावी, असे त्यांनी सुचवले. मैदानातील पीक वाचवण्यासाठी डोंगरातील शेतकऱ्याने आपले एक पीक सोडावे, असा या उपायाचा अर्थ होता.

पूर्वानुमान

रोगाचे उगमस्थान कळले, तरी तो कोणत्या वर्षी उग्र होईल हे सांगता येत नव्हते. मेहता यांच्या हयातीतच, १९४६-४७ मध्ये, मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. १९७५ मध्ये एस. नागराजन व एच. सिंग यांनी काळ्या तांबेऱ्याच्या पूर्वानुमानाचे नियम मांडले. त्यांनुसार बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांच्या काळात दक्षिणेकडील बीजाणू मध्य भारताकडे वाहून येतात आणि पावसाबरोबर पिकावर उतरतात. त्यामुळे वादळाचा मार्ग व पाऊस पाहून रोगाची पूर्वसूचना देणे शक्य झाले. बीजाणूंचे उगमस्थान आधी निश्चित झाले नसते, तर हे नियम मांडता आले नसते.

वारसा

शिमला येथील केंद्रात तांबेऱ्याच्या बुरशीच्या नव्या प्रजातींची ओळख पटवण्याचे काम आजही चालते. महाराष्ट्रात महाबळेश्वर येथे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. जायकवाडी प्रकल्पानंतर पैठणच्या कालव्यांखाली बागायती रब्बी पिकांना पाणी मिळू लागले. अशा क्षेत्रात रोगप्रतिकारक वाण, वेळेवर पेरणी आणि पिकाची नियमित पाहणी हे तांबेऱ्यावरील मुख्य उपाय आहेत.