थोरांची ओळख : डॉ. मार्टिन ल्यूथर किंग

या वेळी आपण सातासमुद्रापलीकडच्या एका थोर पुरुषाची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव डॉ. मार्टिन ल्यूथर किंग. काळ्या लोकांना गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क मिळावेत म्हणून ते जन्मभर झगडले. पण काळ्यांनी गोऱ्यांच्या डोक्यावर बसावे, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचा खरा मोठेपणा यातच आहे.

मार्टिन यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अटलांटा या शहरी झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. घरचे बरे चालले होते, पण घराबाहेर पाऊल टाकले की अपमान ठरलेला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे सगळे वेगळे असे. शाळा वेगळ्या, हॉटेले वेगळी, प्यायच्या पाण्याचे नळसुद्धा वेगळे! काळ्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून धरून आणून गुलाम केलेले होते. ती गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना आपल्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले होते. पण कायदा बदलला तरी माणसांची मने लवकर बदलत नाहीत.

मार्टिन लहान असताना त्यांचा एक गोरा सवंगडी होता. दोघे रोज खेळत. पण सहाव्या वर्षी दोघांच्या शाळा वेगळ्या झाल्या, आणि त्या मुलाच्या वडिलांनी त्याला काळ्या मुलाशी खेळायची बंदी केली. मार्टिनला फार वाईट वाटले. सगळ्या गोऱ्यांचा द्वेष करायचा, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. आईवडिलांनी मात्र त्याला दोन गोष्टी समजावल्या. एक, तू कुणापेक्षा कमी नाहीस. दुसरी, म्हणून कुणाचा द्वेषही करू नकोस. दुसरी गोष्ट पटायला त्याला पुष्कळ वर्षे लागली.

पुढे १९४४ साली मार्टिन एका दूरच्या गावी वक्तृत्व स्पर्धेला गेला होता. परत येताना बसमध्ये गोरे उतारू चढले. ड्रायव्हरने मार्टिनला आणि त्याच्या बाईंना उठायला सांगितले, वर शिव्याही दिल्या. तब्बल ९० मैल दोघे उभ्याने आले. आयुष्यात एवढा राग कधीच आला नव्हता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

त्याच वर्षी, अवघ्या पंधराव्या वर्षी, मार्टिन कॉलेजात गेले. तेही वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक झाले. १९५५ साली बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. शिकत असतानाच त्यांना गांधीजींच्या सत्याग्रहाची ओळख झाली. अन्यायाशी लढायचे, पण अन्याय करणाऱ्या माणसाचा द्वेष करायचा नाही, ही रीत त्यांना मनापासून पटली.

तेव्हा ते अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरी राहत होते. तिथल्या बसचा नियम ऐका. पुढच्या १० जागा गोऱ्यांच्या. गोरे उतारू नसले तरी त्या रिकाम्याच राहायच्या, काळ्यांनी शेजारी उभे राहायचे. गोऱ्यांची गर्दी झाली की मागच्या काळ्यांनीही उठायचे. १ डिसेंबर १९५५ रोजी एका गोऱ्या उतारूसाठी ड्रायव्हरने चार काळ्यांना उठवले. तिघे उठले. शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स काही उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली.

मग काय! ५ डिसेंबरपासून काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. पुढारीपण आले २६ वर्षांच्या डॉ. किंग यांच्याकडे. माणसे मैलोन्‌मैल पायी कामावर जाऊ लागली. कुणी एकमेकांच्या मोटारीतून जाई. असे एक-दोन दिवस नव्हे, ३८१ दिवस चालले! ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. आत त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. सुदैवाने दोघी वाचल्या. चिडलेले लोक हत्यारे घेऊन दारात जमले. किंग यांनी नुसता डोळा मिचकावला असता तरी रक्त सांडले असते. पण त्यांनी सर्वांना शांत केले, शस्त्रे घेऊन घरी जा म्हणून विनवले. या लढ्यात काही गोरेही त्यांच्या बाजूने होते. रॉबर्ट ग्रेट्झ नावाच्या गोऱ्या पाद्र्यांनी काळ्यांना साथ दिली, म्हणून त्यांच्याही घरावर बॉम्ब टाकले गेले.

अखेर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव बेकायदा ठरवला. त्या रात्री कू क्लक्स क्लॅन या संघटनेचे लोक गाड्या घेऊन काळ्यांच्या वस्तीत फिरले. गोरे जन्मानेच श्रेष्ठ, त्यांनीच राज्य करायचे, असे मानणारी ही संघटना. लोकांना धाक घालण्यासाठी तिचे सभासद पांढरे झगे आणि टोप्या घालत. पण त्या रात्री कुणी दारे लावून बसले नाही. दिवे तसेच ठेवून लोक ओट्यावर येऊन पाहत उभे राहिले.

आता खरी परीक्षा होती. वर्षभर पाय झिजवून जिंकलेले लोक बसमध्ये चढणार, मग थोडी फुशारकी मारावीशी वाटणारच की! किंग यांनी काय करावे? सभेत खुर्च्या मांडून त्यांची बस केली. काही जण गोरे उतारू झाले, काही काळे, आणि नाटकासारखी तालीम घेतली. लोकांना सूचनांचा कागदही वाटला. बढाई मारू नका, हा विजय एकट्या काळ्यांचा नाही, साऱ्या गावाचा आहे, कुणी शिवी दिली तर उलट शिवी देऊ नका, असे त्यात समजावले होते. २१ डिसेंबर १९५६ रोजी किंग स्वतः पुढच्या जागेवर बसले. शेजारी त्यांचे एक गोरे सहकारी बसले होते.

वाचकहो, इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. क्लॅनवाले म्हणत, आम्ही आमच्या लोकांसाठी लढतो. किंगसुद्धा आपल्या लोकांसाठी लढत होते. मग फरक तो काय? फरक ओळखायचा एक सोपा उपाय आहे. नावांची अदलाबदल करून पाहायची. जो आधी येईल त्याने बसावे, या नियमात काळ्याच्या जागी गोरा म्हटले तरी काही बिघडत नाही. दोघांनाही जागा मिळते. पण पुढची जागा गोऱ्यांचीच, या नियमात गोऱ्याच्या जागी काळा म्हणा बरे! लगेच गोऱ्यांनाही तो अन्याय वाटेल. जी मागणी उलटी केली तरी न्यायाची राहते, ती समतेची. जी उलटी करताच आपल्याला टोचते, ती वर्चस्वाची.

ही कसोटी आपल्या लोकांना लावणेच सगळ्यांत अवघड. किंग यांनी ती लावली. अपमानाने पोळलेले काही काळे लोक म्हणू लागले होते की गोरे मुळात दुष्ट आणि काळेच श्रेष्ठ. किंग यांना त्यांचा संताप कळत होता, कारण तो त्यांनी स्वतः लहानपणी भोगला होता. तरी त्यांनी स्पष्ट सांगितले की काळ्यांचे वर्चस्व हे गोऱ्यांच्या वर्चस्वाइतकेच घातक आहे. मात्र पिढ्यान्‌पिढ्या मागे ठेवलेल्यांना पुढे यायला जास्तीची मदत द्यावी, असे ते आग्रहाने मांडत. ते वर्चस्व नव्हे. शर्यतीत ज्याला मुद्दाम उशिरा सोडले, त्याला बरोबरीला आणण्याची ती धडपड आहे.

१९५९ साली डॉ. किंग भारतात आले. मुंबईत गांधीजींच्या मणिभवनालाही त्यांनी भेट दिली. केरळातील एका शाळेत दलित मुले शिकत होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी अमेरिकेतील अस्पृश्य बंधू म्हणून त्यांची ओळख करून दिली. आधी त्यांना राग आला. मग आपल्या देशातील गरीब काळे लोक डोळ्यांपुढे आले आणि ते खरेच आहे असे त्यांना वाटले. ही आठवण त्यांनी पुढे स्वतः सांगितली.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाख लोकांचा मोर्चा निघाला. त्यात हजारो गोरेही चालले. पुढे १९६४ साली सार्वजनिक जागी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला आणि १९६५ साली मतदानाचा हक्क राखणारा. १९६४ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची सगळी रक्कम त्यांनी चळवळीला देऊन टाकली.

१९६८ साली मेम्फिस शहरी सफाई कामगारांचा संप चालू होता. त्यांना पाठिंबा द्यायला किंग तिथे गेले. ४ एप्रिल रोजी एका गोऱ्या माणसाने त्यांना गोळी घालून ठार केले. वय अवघे ३९! आज अमेरिकेत जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी त्यांच्या नावाने सुट्टी असते. ती गोऱ्यांनाही असते आणि काळ्यांनाही.

मित्रांनो, पाण्याच्या टाकीपाशी, खेळाच्या मैदानावर किंवा एस.टी.त चढताना आपण जेव्हा आपला हक्क मागू, तेव्हा किंग यांची आठवण ठेवू या. समोरच्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहू या. तरीही मागणी योग्य वाटली, तर खुशाल निर्भयपणे मागावी.