प्रो. गेडीस आणि इंदूरची दिवाळी

प्लेगचे नाव निघाले की मराठी घरांत पुण्याची आठवण निघते. १८९७ साली तेथे सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. रँडसाहेबाचा खून झाला. पण सरकार आणि रयत यांची मने काही जुळली नाहीत. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, हाच रोग आपल्या इंदुरात ठाण देऊन बसला असता, एका परदेशी पाहुण्याने त्याच्याशी झुंजण्याची निराळी रीत दाखविली. ते प्रो. पॅट्रिक गेडीस.

गेडीस यांचा जन्म १८५४ सालचा, स्कॉटलंडमधील. व्यवसायाने ते वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. परंतु एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत सपत्नीक बिऱ्हाड थाटून त्यांनी शेजाऱ्यांच्या हातांनीच ती सुधारली. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. १९१७ साली थोरला मुलगा युद्धात पडला आणि पत्नीही येथेच निवर्तली. त्या दुःखाच्या दिवसांतच त्यांनी तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचे काम केले. १९१८ साली त्यांचा अहवाल दोन खंडांत निघाला.

प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे, आणि उंदीर पोसतो तो घाणीवर. ती घाण हुकुमाने हटत नाही, हे गेडीस जाणून होते. त्यांनी दवंडी पिटविली, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, जेथील घरे अधिकांत अधिक झाडलेली, डागडुजी केलेली असतील त्याच रस्त्याने जाईल. मग काय, आळी आळीशी चढाओढ करू लागली! गाड्यागाड्यांनी कचरा बाहेर पडला, उंदीर धरले गेले.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, वाजंत्री होतीच. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीरही होता, आणि शेवटी त्यांचे दहन झाले. पण खरा मान होता झाडूवाल्यांचा. शुभ्र कपडे घालून, फुलांनी सजविलेले झाडू खांद्यावर घेऊन ते राजमार्गाने चालले. ज्यांची सावलीही लोक टाळीत, त्यांना त्या दिवशी शहराने हार घातले. रोगाशी पहिली लढाई तेच लढतात, हे गेडीस यांनी न बोलता सांगितले.

पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १९३२ साली फ्रान्समध्ये त्यांचे देहावसान झाले. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरचे नाव अग्रभागी झळकू लागले, त्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. मात्र त्या मिरवणुकीतला मान झाडू धरणाऱ्या हातांना बाकीच्या दिवशीही मिळतो काय, हे ज्याने त्याने आपल्या दारात उभे राहून पाहावे.