जोसाया वेजवुड : भांड्यांची अग्निपरीक्षा घेणारा कुंभार

थंड पडलेल्या जाड पेल्यांत उकळता चहा एकदम ओतला, तर पुष्कळदां तो तडकतो. आंतील बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते, आणि ह्या ओढाताणींत तडा जातो. विश्रांतवाडींतील आपल्या घरोघरचे चिनी मातीचे कप मात्र हा आघात रोज निमूटपणें सोसतात. त्यांच्या ह्या सहनशीलतेमागें अनेक कारागिरांचे श्रम आहेत. त्यांपैकीं अग्रगण्य अशा एका कुंभाराचें हें चरित्र.

जोसाया वेजवुड ह्याचा जन्म इ. स. १७३० मध्यें इंग्लंडांतील बर्सलेम गांवीं एका कुंभाराच्या घरीं झाला. भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असतां वडील वारले, शाळा सुटली, व तो थोरल्या भावाच्या हाताखालीं कामास लागला. पुढें देवीच्या आजारानें त्याचा उजवा गुडघा अधू झाला. पायानें चाक फिरविणें त्यास अशक्य झालें. तेव्हां माती, झिलई व आंच ह्यांच्या अभ्यासाकडे त्यानें आपलें लक्ष वळविलें.

इ. स. १७५९ मध्यें त्यानें स्वतःचा धंदा काढिला आणि प्रयोगांची वहीही सुरू केली. प्रत्येक नमुन्यास क्रमांक देऊन त्याचें मिश्रण तो सांकेतिक खुणांनीं लिहून ठेवी. भट्टींत तो कोठें ठेविला ह्याचीही नोंद करी. बिघडलेला नमुना त्यास चांगल्या नमुन्याइतकाच बोलका वाटे.

मातीचें अंग व वरची झिलई ह्यांचें प्रसरण जुळलें नाहीं, तर झिलईवर बारीक भेगांचें जाळें पसरतें. हा मेळ साधीत त्यानें सायीच्या रंगाचीं भांडीं सुधारलीं. उष्णतेचा व थंडीचा एकाएकीं होणारा पालट तीं सहन करीत, आणि किंमतीनेंही तीं सामान्य गृहस्थास परवडत. इ. स. १७६५ मध्यें राणी शार्लट हिनें त्याजकडून चहाचा संच मागविला. तेव्हांपासून तीं 'राणीचीं भांडीं' म्हणून प्रसिद्ध झालीं.

इ. स. १७६८ मध्यें त्याचा दुखरा पाय कापावा लागला. क्लोरोफॉर्मचा शोध त्या काळीं लागला नव्हता. तरीही पुढल्याच वर्षीं त्यानें एट्रुरिया येथें नवा कारखाना उघडिला. तेथें हजारों प्रयोगांअंतीं 'जॅस्पर' नांवाची नवी माती त्यास साधली.

भट्टीची आंच मोजावी कशी, हा प्रश्न उरला होता. त्या आंचेपुढें पाऱ्याच्या थर्मामीटरचा निभाव लागत नसे. माती भाजतांना आकसते, ह्याचाच त्यानें उपयोग केला. मातीचे लहान तुकडे भट्टींत घालून ते किती आकसले हें तो पितळी मापांत पाही. हें साधन त्यानें इ. स. १७८२ मध्यें पुढें मांडिलें, आणि दुसऱ्या वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यास सभासद करून घेतलें. त्याचे आंकडे पुढें फार चढे ठरले. परंतु अदमासाऐवजीं मापन, हा त्याचा मार्ग खरा होता.

आजचे शास्त्रज्ञ नमुने तापवून थंड पाण्यांत टाकतात व त्यांची ताकद किती घटली हें मोजतात. कांहीं नमुने ते पुनःपुन्हां तापवितात व थंड करितात. कारण पहिल्या आघातांत बचावलेल्या भांड्यांतील सूक्ष्म भेग हळूहळू वाढून शेवटीं तें फुटूं शकतें. एकदां टिकलें तें सदा टिकेलच, असें नाहीं.

इ. स. १७८७ मध्यें गुलामगिरीच्या निषेधार्थ वेजवुडनें शृंखलाबद्ध गुलामाचें चित्र असलेलीं पदकें काढून वांटलीं. ३ जानेवारी १७९५ रोजीं तो निवर्तला. सुप्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन हा त्याच्या मुलीचा मुलगा.

चुकलेलें गणित खोडून टाकण्यापूर्वीं तें कोठें चुकलें हें पाहून ठेवावें, हा धडा ह्या कुंभाराच्या वहींतून आपण घ्यावा.