लोक दगड मारायचे, म्हणून हाफकिन आधी सगळ्यांसमोर स्वतःला लस टोचून घ्यायचे

मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, हे बऱ्याच जणांना माहितीय. पण ती ज्यांच्या नावानं आहे ते वाल्देमार हाफकिन ना मुंबईचे होते, ना इंग्रज, आणि विशेष म्हणजे डॉक्टरही नव्हते.

१८६० मध्ये ओडेसात जन्म, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यात. विषय प्राणिशास्त्र. ज्यू असल्यानं विद्यापीठात वर चढायचं तर धर्म बदलावा लागणार होता. ते काही बदलले नाहीत. मग पॅरिस गाठलं, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालयातली नोकरी धरली आणि तिथंच फावल्या वेळात कॉलऱ्याची लस बनवली. १८ जुलै १८९२ ला ती पहिल्यांदा टोचली स्वतःलाच.

पुढच्याच वर्षी ते भारतात आले. इथं खरी अडचण वेगळीच निघाली. लस होती, पण घेणार कोण? परका गोरा माणूस, हातात सुई, आणि मागे इंग्रज सरकार. कोलकात्यात लोकांनी दगड मारले.

हाफकिननी पोलीस बोलावून दंडाला धरून टोचाटोची केली नाही. चौधरी, घोष, चॅटर्जी, दत्त अशा बंगाली डॉक्टरांना सोबत घेतलं. ते वस्तीत फिरायचे, लोकांच्या भाषेत बोलायचे. हाफकिन सगळ्यांसमोर आधी स्वतःला टोचून घ्यायचे. १८९४ मध्ये काताल बागान वस्तीत कॉलरा आला, तेव्हा साधारण २०० पैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथं आणखी १० जण आजारी पडले, ७ दगावले. सगळे लस न घेतलेले. शेजारचा वाचला हे डोळ्यांनी दिसल्यावर मग लोक पहाटेपासून रांगा लावू लागले.

१८९६ ला मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखला गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. आणि इथं सरकारनं बरोब्बर उलटा मार्ग धरला. घरात घुसून तपासणी, रुग्णाला उचलून नेणं, सामान जाळणं. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्रीच झाली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात तर सोल्जर घरोघरी शिरले, आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेत शिकलोच.

त्याच काळात हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि व्हरांड्यात लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ ला पुन्हा स्वतःवर प्रयोग. मग भायखळ्याच्या तुरुंगात, तयार असलेल्या कैद्यांवर. तरुण आगा खान यांनी उघडपणे टोचून घेतलं आणि खोजा समाज हजारोंनी पुढे आला. सरकारी पत्रकानं हे झालं नसतं.

पण लोकांचा विश्वास कमावला तरी सरकारचा टिकला नाही. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. सगळे एकाच बाटलीतले. ठपका आला तो प्रयोगशाळेवर, हाफकिन निलंबित झाले. खरं तर बाटली उघडणाऱ्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉससह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिल्यावर १९०७ मध्ये त्यांच्यावरचा आरोप पुसला गेला.

ते कोलकात्याला परतले, पण लस बनवायचं काम काही त्यांच्याकडे आलं नाही. १९२५ ला परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं.