मुक्यांचा नायक

आमच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. वडील धानाच्या बांधीत राबतात, आई बिड्या वळते. दोघांनाही अक्षरओळख नाही. जगाची खबर टीव्हीवरून येते, नाहीतर मोबाईलवरून, आणि तिथे जे सांगितले जाते ते घरात खरे मानले जाते. कॉलेजात आल्यावर मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र वाचले आणि पहिल्यांदाच प्रश्न पडला, बातमी सांगतो कोण आणि कोणासाठी?

१८९१ मध्ये महू येथे जन्मलेले भीमराव अमेरिकेत व इंग्लंडात शिकून परतले, तेव्हा मुंबई इलाख्यात वर्तमानपत्रे पुष्कळ होती. परंतु अस्पृश्यांच्या दुःखाला त्यांत जागा नव्हती. म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक काढले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांना नेमले. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. ज्याच्या हाती छापखाना, त्याच्याच हाती लोकमत, हे यावरून कळते.

'मूकनायक' पुढे बंद पडले, पण बाबासाहेब खचले नाहीत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आपल्या बांधवांसह प्राशन केले. त्यावर चोहोकडून टीका झाली. तिला उत्तर द्यायला ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्यातील रकानेच्या रकाने ते स्वतः लिहीत. १९३० मध्ये 'जनता' आले आणि १९५६ मध्ये त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले.

१९४३ मध्ये पुण्याच्या भाषणात त्यांनी स्पष्ट बजावले होते की, आपल्याकडची पत्रकारिता आता धंदा झाली असून वाचकाला शहाणे करण्याची जबाबदारी ती विसरली आहे. आज अनेक वृत्तपत्रे आणि वाहिन्या मोठ्या उद्योगसमूहांच्या मालकीच्या असताना तो इशारा मला अधिकच खरा वाटतो.

आपल्या भंडाऱ्याशीही त्यांचा संबंध आला. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते येथून उभे राहिले आणि पराभूत झाले. घटनेच्या शिल्पकारालाही आपल्या जिल्ह्याने निवडून दिले नाही, हे वाचून मान खाली गेली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता सुटीच्या दिवशी मी चौकातून वर्तमानपत्र आणतो आणि वडिलांना वाचून दाखवतो. परवा एका बातमीवर त्यांनी मला मध्येच थांबवून विचारले, हे लिहिणारा आपल्या गावात कधी आला होता काय? मला उत्तर देता आले नाही. पण त्यांनी प्रश्न विचारला याचा मला फार आनंद झाला. बाबासाहेबांनी एवढी पत्रे चालविली ती याचसाठी, असे मला वाटते.