फादर स्टीफन्स : चरित्र आणि शब्दांची साहचर्ये

शब्दाचा कोशातील अर्थ आणि त्या शब्दाभोवती एखाद्या समाजाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेली साहचर्ये या दोन भिन्न गोष्टी होत. कोशातील अर्थ शिकवता येतो; साहचर्ये मात्र घरातून, देवळातून, सणावारांतून आणि ऐकलेल्या कथांतून नकळत अंगवळणी पडतात. बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची साहचर्ये वेगळी असली, की एकच शब्द किंवा एकच चिन्ह दोघांना दोन निराळ्या गोष्टी सांगते. ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्याविषयीच्या मराठीतील लेखनात परदेशीयाच्या भाषाप्रभुत्वाचे कौतुकच पुष्कळदा आढळते. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र या दुसऱ्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्यांचे शिक्षण विंचेस्टर येथे झाले. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक उपासनेवर बंदी होती. मित्र थॉमस पाऊंड यांच्यासमवेत, त्यांचा नोकर असल्याची बतावणी करून, स्टीफन्स काही काळ वावरले. पाऊंड यांना अटक झाल्यावर ते रोमला गेले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. एकाच धर्मग्रंथाला मानणाऱ्या दोन पंथांत तीच उपासना एकाला पवित्र आणि दुसऱ्याला राजद्रोहाची खूण वाटू शकते, हा अनुभव त्यांनी हिंदुस्थानात येण्यापूर्वीच घेतला होता, ही बाब त्यांच्या पुढील कार्याच्या संदर्भात विसरता येत नाही.

एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे चाळीस वर्षांचे त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः साष्टी महाल हे होते. तेथील देवळे १५६७ मध्ये पाडण्यात आली होती. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या रुदोल्फ आक्वाविवा आणि अन्य चार जेझुइटांना ग्रामस्थांनी ठार मारले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळणे येथे बोलावून त्यांची हत्या करण्यात आली. मृत सहकाऱ्यांचे देह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी स्टीफन्स यांचा सहभाग होता. ज्या क्रुसात पाद्र्यांना मानवाचे तारण दिसत होते, त्याच क्रुसात कुंकळ्ळीकरांना देऊळ पाडणाऱ्या सत्तेचे आगमन दिसले. चिन्ह एकच होते. त्याचा अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या अनुभवाने ठरविला होता.

त्याच वर्षी भावाला पाठविलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे नोंदविले. येथील भाषांचा त्यांचा अभ्यास केवळ शब्दसंग्रहापुरता नव्हता, हे यावरून दिसते. पुढे त्यांनी ख्रिस्ती तत्त्वांची प्रश्नोत्तरी आणि व्याकरण हे कोकणीविषयक ग्रंथ रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर अनुक्रमे १६२२ व १६४० मध्ये छापले गेले. कोकणीचे हे पहिले मुद्रित व्याकरण होय.

साष्टीतील लोकांची बोली कोकणी असताना स्टीफन्स यांनी आपला महाग्रंथ मराठीत का रचला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. याचे उत्तर ग्रंथाच्या प्रास्ताविकातच सापडते. तेथे धर्मशिक्षण आटोपल्यावर एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवितो, की आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांला काही द्यावे. ग्रंथ हिरावून घेतले तरी ते ऐकण्याची सवय उरते, ही वस्तुस्थिती या प्रसंगात स्पष्ट होते. बोलणे कोकणीत असले, तरी पुराण ऐकावयाचे ते मराठीत आणि ओवीत, असा या श्रोत्यांचा संस्कार होता. म्हणूनच प्रश्नोत्तरीला कोकणी पुरली, पुराणाला मात्र मराठीच हवी झाली.

१६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथाचे पोर्तुगीज शीर्षक, ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन, अशा अर्थाचे होते. वाङ्मयेतिहासात तो रूढ झाला तो ‘पुराण’ म्हणूनच. ३६ आणि ५९ प्रकरणांच्या दोन भागांत मिळून सुमारे ११,००० ओव्या आहेत. यातील शब्दयोजना पाहता स्टीफन्स यांच्यापुढील पेच ध्यानात येतो. परका शब्द घ्यावा तर तो सिद्धान्ताशी प्रामाणिक राहतो, पण श्रोत्याच्या मनात काहीच जागवीत नाही. देशी शब्द घ्यावा तर तो मन जागवितो, पण त्याच्याबरोबर जुने दैवतही जागे होते. ‘वैकुंठ’ शब्द ख्रिस्ती स्वर्गासाठी योजल्यावर श्रोत्याला विष्णूची आठवण होणारच नाही, याची हमी कोण देणार? तरीही ‘परमेश्वर’, ‘तारक’, ‘वैकुंठ’ या शब्दांचा त्यांनी अवलंब केला. रोमन लिपीतील पाठात धर्मविधींचे अनेक पोर्तुगीज व लॅटिन शब्द आहेत. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात अशा ठिकाणी बहुधा संस्कृतोद्भव शब्द येतात. मूळचा पाठ कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि हा पेच कायमचा सुटला नव्हता, याची साक्ष दोन्ही पाठ देतात.

लिपीचा प्रश्नही याच जातीचा होता. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी आपल्या संघाच्या प्रमुखाकडे देशी अक्षरांत छपाई करण्याची इच्छा कळविली होती. परंतु त्यासाठी लागणाऱ्या सुमारे ६०० साच्यांची अडचण मोठी होती, आणि ग्रंथ रोमन लिपीतच छापला गेला. १६१९ मध्ये स्टीफन्स गोव्यात निवर्तले. १६४९ व १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या; या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या वापराविरुद्ध आज्ञा काढली. पण मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत हे पुराण हस्तलिखितांतून व गायनातून टिकून राहिले. त्याच्याच आधारे जे. एल. साल्ढाणा यांची १९०७ ची आवृत्ती सिद्ध झाली. शांताराम बंदेलू यांच्या देवनागरी आवृत्तीने १९५६ मध्ये ते मराठी वाचकांसाठी सुलभ केले.

स्टीफन्स यांचे कार्य धर्मांतराच्या सत्तेपासून अलग करता येणार नाही. ज्या श्रोत्यांसाठी त्यांनी ओव्या रचल्या, त्यांचे मूळ ग्रंथ त्याच सत्तेने हिरावून घेतले होते. या वास्तवाकडे दुर्लक्ष करून केलेला त्यांचा गौरव अपुरा ठरेल. परंतु त्यांच्या चरित्रातून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. देवळे आणि पोथ्या आज्ञेने नष्ट करता येतात; शब्दांना चिकटलेली साहचर्ये तशी नष्ट होत नाहीत. ज्याला समजावून सांगावयाचे आहे, त्याला अखेर ऐकणाऱ्याच्या साहचर्यांपाशी यावे लागते. साष्टीचे श्रोते स्टीफन्स यांच्याकडून नवा धर्म शिकले; आणि त्यांना तो शिकविण्यासाठी स्टीफन्स यांना आधी त्यांच्या पुराणश्रवणाचे शिष्यत्व पत्करावे लागले.