जनावरांत रमलेली चित्रकर्ती : रोझा बॉनर

गोष्ट १८५२ च्या सुमाराची. पॅरिसमध्ये लोपिताल नावाच्या हमरस्त्यावर आठवड्यातून दोनदा घोड्यांचा बाजार भरत असे. दलाल, मोतद्दार आणि गिऱ्हाईक यांची एकच गर्दी उडे. त्या गर्दीत पुरुषी वेषातली, आखूड केसांची एक व्यक्ती चित्रवही घेऊन उभी असे. घोडा फिरवताना त्याचा पुठ्ठा कसा ताणला जातो, तो बुजला की मान कशी वळते, एवढ्यावरच तिची नजर खिळलेली असायची. ती एक स्त्री आहे याची बाजारातल्या बहुतेकांना कल्पनाही नसेल. हा क्रम सुमारे दीड वर्ष चालू होता. या चित्रकर्तीचे नाव रोझा बॉनर.

रोझाचा जन्म १६ मार्च १८२२ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहरी झाला. वडील रेमों बॉनर चित्रकार व चित्रकलेचे शिक्षक होते. आई सोफी पियानो शिकवीत असे. चार भावंडांत रोझा थोरली. तिला अक्षरओळख काही केल्या होईना. तेव्हा आईने एक युक्ती काढली. प्रत्येक अक्षरासाठी त्या अक्षराने सुरू होणाऱ्या एका प्राण्याचे चित्र काढायला लावले आणि मुलगी भराभर वाचू लागली. रोझाची मुळाक्षरे अशी जनावरांच्या रूपातच तिच्यापुढे आली.

१८२९ साली कुटुंब पॅरिसला आले. वडील सॅं-सीमोंच्या समाजवादी पंथाचे अनुयायी होते. स्त्री-पुरुष समान आहेत, ही त्या पंथाची शिकवण होती व ती रोझाच्या मनावर कायमची ठसली. परंतु पंथाच्या ओढीने वडील काही काळ घर सोडून आश्रमात राहावयास गेले आणि संसाराचे सारे ओझे आईवर पडले. दिवसा शिकवण्या, रात्री शिवणकाम अशा कष्टांनी ती खंगली व १८३३ मध्ये वारली. वेगळ्या थडग्यापुरतेही पैसे घरात नव्हते. तिला सामायिक दफनजागेत पुरण्यात आले. समानतेची तत्त्वे घरात बोलली जात असताना त्याच घरातली बाई राबून राबून संपली, हे अकरा वर्षांच्या मुलीने डोळ्यांनी पाहिले. स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा तिचा पुढचा हट्ट समजून घ्यायचा तर हा प्रसंग विसरून चालणार नाही.

शाळेत रोझाचे पटले नाही. शिवणकाम शिकायला धाडले, तेथेही ती टिकली नाही. शेवटी वडिलांनीच तिला आपल्या हाताखाली घेतले. किशोरवयातच ती लूव्हर संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रकारांच्या नकला करू लागली. पण नकलांवर तिचे समाधान होईना. तिला जनावर हवे होते, तेही जिवंत! घरातच मेंढी, ससे, पक्षी पाळले गेले. कातडीखाली काय आहे हे कळल्याशिवाय वरचा आकार खरा उतरणार नाही, म्हणून ती कत्तलखान्यात जाऊन बसू लागली. रक्त, दुर्गंधी आणि कामगारांची टिंगल हे सारे सोसून तिने हाडे, सांधे, स्नायू अभ्यासले. पशुवैद्यक विद्यालयातही तिने शरीररचना पाहिली. तरुण मुलीने जाण्याच्या या जागा नव्हेत असे समाज म्हणत होता, परंतु तिची पाठ्यपुस्तके तेथेच होती.

१८४१ साली, एकोणिसाव्या वर्षी, तिची ससे आणि शेळ्या-मेंढ्यांची चित्रे पॅरिसच्या 'सालों' या सरकारी प्रदर्शनात लागली. १८४८ मध्ये तिला सुवर्णपदक मिळाले आणि सरकारने ३,००० फ्रँक देऊन एक चित्र सांगितले. तेच १८४९ चे 'निव्हर्ने प्रांतातील नांगरट'. धष्टपुष्ट बैलांच्या जोड्या चढावर नांगर ओढीत आहेत आणि पुढे नुकतीच उलटलेली ओली ढेकळे आहेत. माणसे आहेत, पण ती दुय्यम. कष्ट करणारा बैल हाच चित्राचा नायक! आपल्याकडे पोळ्याला बैलाची पूजा होते. त्यामुळे या चित्रापुढे मराठी माणूस क्षणभर थबकल्याशिवाय राहणार नाही. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

यानंतरचे काम म्हणजे आरंभी सांगितलेला 'घोडेबाजार'. पॅरिसमध्ये १८०० सालच्या हुकुमानुसार स्त्रीला पुरुषी वेष करावयाचा तर पोलिसांचा परवाना लागे. रोझाने तो काढला. तिचा १८५७ चा परवाना उपलब्ध आहे. तो प्रकृतीच्या कारणासाठी दिलेला, सहाच महिन्यांचा, आणि नाटके, नृत्यसमारंभ अशा ठिकाणी तो वेष करू नये अशी अट घातलेला! कामाच्या जागी निर्वेध उभे राहता यावे एवढ्यासाठी एका कलावतीला सरकारी कागद खिशात बाळगावा लागला. सुमारे आठ फूट उंच व साडेसोळा फूट रुंद असे हे चित्र १८५३ च्या सालोंमध्ये लागले आणि रोझाचे नाव सर्वतोमुखी झाले. लंडनचे चित्रव्यापारी गॅम्बार यांनी ते ४०,००० फ्रँकना घेतले. इंग्लंडात ते व्हिक्टोरिया राणीलाही दाखविण्यात आले. पुढे १८८७ मध्ये अमेरिकेतील धनिक कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांनी ते विकत घेऊन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला अर्पण केले.

स्वतःच्या मिळकतीतून रोझाने फोंतेनब्लोच्या अरण्याजवळ 'बी' या गावी जुना वाडा घेतला आणि १८६० मध्ये ती तेथे राहावयास गेली. सोबत बालपणापासूनची मैत्रीण नाताली मिकास होती. तेथे हरणे, मेंढ्या, घोडे, माकडे आणि फात्मा नावाची सिंहीणसुद्धा होती. १८६५ साली सम्राज्ञी युजेनी स्वतः वाड्यावर आली व तिने 'लेजियों द ऑनर' हा सन्मान रोझाला दिला. हा मान मिळविणारी ती पहिली चित्रकर्ती.

१८८९ मध्ये नाताली वारली आणि रोझा अगदी खचून गेली. त्याच वर्षी अमेरिकेहून बफेलो बिलचा खेळ पॅरिसला आला होता. त्याच्या तळावर जाऊन तिने रानगवे, घोडे आणि तेथील मूळ अमेरिकनांची रेखाटने केली. या कामानेच तिला पुन्हा उभे केले.

उतारवयात ती पेस्टलकडे, म्हणजे रंगीत खडूंकडे वळली. कोरड्या रंगाची पूड अगदी थोड्या डिंकाने बांधून ही कांडी करतात. तेलरंगाप्रमाणे तो वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. खाली एक छटा चोळून तिच्यावर कांडीच्या कडेने बारीक रेघा ओढल्या की जनावराची लव, आयाळ, पाठीवरचे ऊन हुबेहूब उतरते. क्षणभरही स्वस्थ न राहणाऱ्या प्राण्यासाठी असे चपळ साधन सोयीचेच. मात्र हात लागला की रंग पुसतो, म्हणून चित्र काचेआड जपावे लागते. १८९७ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, रोझाने पॅरिसमध्ये जॉर्ज पेती यांच्या दालनात चार मोठी पेस्टल चित्रे मांडली. एवढी कीर्ती पदरी असताना त्या वयात वेगळ्या माध्यमात लोकांपुढे येण्याची तिला भीती वाटली नाही.

१८९८ मध्ये अमेरिकन चित्रकर्ती अ‍ॅना क्लुम्पके तिचे व्यक्तिचित्र काढण्यास आली आणि तेथेच राहिली. रोझाने तिलाच आपली वारस केले. २५ मे १८९९ रोजी रोझा निवर्तली. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत नातालीच्या शेजारी तिला चिरविश्रांती मिळाली. १९०० मध्ये तिच्या चित्रशाळेतील दोन हजारांहून अधिक कामांचा लिलाव झाला. त्यांतली कितीतरी अभ्यासचित्रे तिने आयुष्यभर विकली नव्हती. ती तिची शिदोरी होती.

पुढे अभिरुची बदलली. प्रकाशाच्या लहरी टिपणाऱ्या नव्या चित्रकारांपुढे तिची काटेकोर शैली जुनाट ठरली आणि तिचे नाव मागे पडले. तिने आपली पद्धत बदलली नाही हे खरेच. तो दोष म्हणावा की निष्ठा, हे ज्याने त्याने ठरवावे. २०२२ मध्ये तिच्या जन्माला दोनशे वर्षे झाली, तेव्हा बोर्दो व पॅरिस येथे तिची मोठी प्रदर्शने भरली आणि नव्या पिढीने तिच्याकडे पुन्हा पाहिले.

आपल्यापैकी पुष्कळजण छायाचित्र समोर ठेवून वाघ-हत्ती रंगवितात. त्यात गैर काही नाही. पण गावच्या बैलबाजारात, गोठ्यात, निदान दारातल्या कुत्र्यापाशी वही घेऊन आपण कधी तासभर बसलो आहोत काय? रोझाला त्या जागी पोचण्यासाठी परवाना काढावा लागला होता. आपल्याला तो लागत नाही. मग आपण जात का नाही, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःपाशीच द्यावे.